लाइप्झिगचा गायनमास्तर

इ. स. १७४९ च्या जून महिन्याच्या ८ व्या तारखेस जर्मनींतील लाइप्झिग शहरीं गोट्‌लोब हारेर नांवाच्या एका संगीतज्ञाची परीक्षा घेण्यांत आली. तेथील सेंट टॉमस शाळेच्या गायनशिक्षकाच्या जागेसाठीं ही परीक्षा होती. सॅक्सनीचा मुख्य मंत्री काउंट ब्र्यूल याची शिफारस उमेदवाराच्या पाठीशीं होती, आणि त्यानें सादर केलेली रचना परीक्षकांच्या पसंतीस उतरली. येथवर सर्व यथास्थित झालें. खोड एवढीच होती कीं, जागा रिकामी नव्हती. ज्याच्या मृत्यूनंतर ती रिकामी व्हावयाची, तो चौसष्ट वर्षांचा गृहस्थ शाळेच्या इमारतींतच सहकुटुंब राहत होता, डोळे अधू झाले असतांहि लिहीत होता, आणि ह्या परीक्षेनंतर आणखी तेरा महिने जगला. त्या गृहस्थाचें नांव योहान सेबास्टियन बाख.

युरोपीय संगीताचे इतिहासकार सामान्यतः इ. स. १६०० पासून १७५० पर्यंतच्या काळास ‘बरोक’ काळ म्हणतात, आणि हा काळ १७५० सालींच कां संपतो असें विचारल्यास, त्या सालीं बाख वारला, हेंच उत्तर मिळतें. ज्याच्या मृत्यूनें एक युग मोजावें एवढी त्याची आज प्रतिष्ठा आहे. परंतु त्याच्या धन्यांच्या दप्तरीं तो एक शाळामास्तर होता, आणि तोहि फारसा बरा नव्हे, अशी नोंद आहे. ज्याचें आयुष्य फळ्यापुढें गेलें अशा माझ्यासारख्यास ह्या चरित्राचा हाच भाग सर्वांत अधिक विचार करावयास लावतो. म्हणून इतर भाग थोडक्यांत आटोपून तोच येथें विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

बाखचा जन्म थुरिंजिया प्रांतांतील आयझेनाख गांवीं, त्या वेळीं तेथें चालू असलेल्या जुन्या कालगणनेप्रमाणें, २१ मार्च १६८५ रोजीं झाला. आपल्याकडे जोशीपण किंवा कुळकर्णीपण जसें वंशपरंपरेनें चाले, तशी गायनवादन ही बाखांची कुळवृत्तीच होती. पुढें पन्नाशीच्या सुमारास त्यानें स्वतःच आपल्या कुळाची वंशावळ लिहून ठेविली; तींत ५३ पुरुषांचा उल्लेख आहे. मूळपुरुष फाइट बाख हा धंद्यानें पाव भाजणारा होता. तो धान्य दळावयास चक्कीवर जाई तेव्हां आपलें लहानसें तंतुवाद्य बरोबर नेई, आणि चक्की फिरत असतां तें वाजवीत बसे. कुळांत ताल शिरला तो येथून, असें बाख मोठ्या मिस्किलपणें लिहितो.

सेबास्टियन हा आठ भावंडांत धाकटा. नऊ वर्षांचा असतां आई गेली, आणि तिच्या पाठोपाठ वर्षाच्या आंतच बापहि गेला. ओरड्रुफ गांवीं ऑर्गनवादक असलेल्या वडील भावानें त्याला आश्रय दिला. ह्या भावाजवळ नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती, परंतु ती तो धाकट्यास देईना. वही जाळीच्या दाराच्या कपाटांत असे. मुलानें जाळींतून लहानसा हात घालून ती गुंडाळी करून बाहेर काढावी आणि दिवा मिळत नसल्यामुळें चंद्रप्रकाशांत उतरून घ्यावी, असें सहा महिने चाललें. नक्कल पुरी झाली आणि भावाच्या दृष्टीस पडली. त्यानें ती काढून घेतली. ही गोष्ट बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलानें व एका शिष्यानें मिळून लिहिलेल्या चरित्रलेखांत आलेली आहे. मोठेपणीं डोळे गेले त्याचें मूळ ह्या चांदण्यांतल्या लेखनांत कित्येक शोधतात. तें मला खरें वाटत नाहीं, परंतु दुसऱ्याचें उतरून घेतां घेतां शिकण्याची त्याची संवय मात्र जन्मभर टिकली, हें खरें.

पंधराव्या वर्षीं तो सुमारें तीनशें किलोमीटरवरील ल्यूनेबुर्ग येथील शाळेंत गायक विद्यार्थी म्हणून राहिला, व अठराव्या वर्षीं आर्नश्टाट येथील देवालयांत ऑर्गनवादक झाला. ऑर्गन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें घरची बाजाची पेटी किंवा फार तर पायपेटी येते. देवालयांतील ऑर्गन ही एक लहानशी इमारतच असते: शेंकडों नळ्या, त्यांत हवा भरणारे प्रचंड भाते, हातांसाठीं स्वरपट्ट्यांच्या दोन-तीन ओळी, आणि पायांनींहि स्वर वाजवावयाची एक निराळी ओळ. ह्या वाद्यावर बाखचें प्रभुत्व असें कीं, नवा ऑर्गन तपासावयास लोक त्याला दूरदूर बोलावीत. तो प्रथम सर्व नळ्या एकदम उघडून वाजवी, आणि वाद्याचें फुप्फुस कसें आहें तें आधीं पाहूं द्या, असें म्हणे. भाते कमजोर असले कीं कारागिराचा चेहरा पांढरा पडे.

आर्नश्टाटच्या वरिष्ठांशीं त्याचें पहिलें भांडण झालें. ल्यूबेक येथें बुक्स्टेहूडे नांवाचा वृद्ध ऑर्गनवादक होता. त्याचें वादन ऐकण्यासाठीं १७०५ सालीं बाखनें चार आठवड्यांची रजा घेतली, सुमारें चारशें किलोमीटरचा पल्ला पायीं तोडला, आणि तो जवळजवळ चार महिन्यांनीं परतला. जाब विचारला असतां त्यानें उत्तर दिलें कीं, आपण आपली कला समजून घेण्यास गेलों होतों. रजेवरून उशिरा येणाऱ्या शिक्षकांचीं पुष्कळ उत्तरें मीं ऐकिलीं आहेत. इतकें सरळ उत्तर त्यांत नव्हतें.

पुढील अठरा वर्षांत म्यूलहाउझेन, वायमार आणि क्योथेन अशा तीन नोकऱ्या झाल्या. १७०७ सालीं दूरच्या नात्यांतील मारिया बार्बारा हिच्याशीं त्याचा विवाह झाला. वायमारच्या ड्यूकनें वरची जागा दुसऱ्यास दिली तेव्हां बाखनें नोकरी सोडण्याचा इतका हट्ट धरिला कीं, ड्यूकनें त्याला १७१७ च्या नोव्हेंबरांत सुमारें चार आठवडे अटकेंत ठेविलें, व मग रागानेंच सोडून दिलें. क्योथेनचा तरुण राजपुत्र लेओपोल्ड मात्र स्वतः संगीताचा जाणता होता. तेथें सुखाचे दिवस आले, आणि तेथेंच मोठा घाव बसला: १७२० च्या उन्हाळ्यांत राजपुत्राबरोबर कार्ल्सबादच्या झऱ्यांवर गेलेला बाख घरीं परतला तों बायको वारलेली, आणि तिचें दफनहि झालेलें. चार मुलें पदरीं होतीं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यानें अ‍ॅना माग्डालेना ह्या वीस वर्षांच्या गायिकेशीं विवाह केला. दोन्ही बायकांचीं मिळून त्याला वीस अपत्यें झालीं. त्यांपैकीं दहा लहानपणींच गेलीं. ज्या घरांतून इतक्या वेळां लहान पेटी बाहेर निघाली, त्या घरांतच हें सर्व संगीत लिहिलें गेलें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

१७२२ सालीं लाइप्झिगची जागा रिकामी झाली. नगरसभेची पहिली पसंती हँबुर्गच्या टेलेमान ह्यास होती; त्यानें नकार दिला. दुसरी ग्राउप्नेर ह्यास; त्याला त्याच्या धन्यानें सोडलें नाहीं. तेव्हां एका सभासदानें, सर्वोत्तम मिळत नाहींत तर मध्यमांपैकीं कोणी घेतला पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते सभेच्या टिपणांत आहेत. अशा रीतीनें बाखची नेमणूक झाली. राजपुत्राचा दरबारी संगीतप्रमुख शाळेंत गायनमास्तर होणें ही उतरतीच पायरी होती, आणि हें त्याला स्वतःला आधीं मान्य होईना. परंतु मुलगे मोठे होत होते, आणि लाइप्झिगला विद्यापीठ होतें. मुलांच्या शिक्षणासाठीं बापानें आपला दर्जा उतरवून घेतल्याचीं उदाहरणें आपल्याहि परिचयांतील आहेत.

कामाची यादी पाहावी. शाळेंत पन्नासाहून अधिक निवासी विद्यार्थी. त्यांना गायन शिकवावयाचें, आणि शहरांतील चार देवालयांत दर रविवारीं गाण्यासाठीं त्यांच्या टोळ्या पाडून पाठवावयाच्या. लग्नांत व प्रेतयात्रेंत मुलें गात, त्याची व्यवस्था. चार आठवड्यांतून एक आठवडा वसतिगृहाची देखरेख: उन्हाळ्यांत पहाटे पांच वाजतां व हिवाळ्यांत सहा वाजतां मुलांस उठविणें, प्रार्थना, जेवण, दिवे मालविणें. शिवाय खालच्या वर्गास लॅटिन! हें शेवटचें काम बाखनें आपल्या खर्चानें, वर्षाला पन्नास टालेर देऊन, एका सहकाऱ्याच्या गळ्यांत बांधलें. नगराध्यक्षाच्या परवानगीवांचून गांवाबाहेर जावयाचें नाहीं, असेंहि करारांत होतें.

ह्या सर्वांच्या वर मुख्य काम म्हणजे रविवारचें संगीत. लूथरपंथी देवालयांत त्या काळीं प्रवचनाच्या लगत ‘कँटाटा’ नांवाची सुमारें वीस-तीस मिनिटांची रचना गाइली जात असे. त्या दिवशीं बायबलमधील जो भाग वाचावयाचा, त्याचा आशय तींत वृंदगानानें, एकेकट्याच्या पदांनीं आणि शेवटीं लोकांच्या परिचयाच्या एखाद्या स्तोत्रानें उलगडून दाखवावयाचा. हरिदास निरूपणाचें एक वचन घेऊन पदें, आर्या, दृष्टांत ह्यांनीं तें कसें फुलवितो हें ज्यांनीं ऐकिलें आहे, त्यांस हा प्रकार परका वाटूं नये. दुसऱ्याच्या रचना गाऊन हें काम भागवितां आलें असतें, आणि पुष्कळ जण तसेंच करीत. बाखनें ३० मे १७२३ पासून जवळजवळ प्रत्येक आठवड्यास आपला नवा कँटाटा लिहावयास आरंभ केला. आठवड्याच्या आरंभीं रचना, मग घरच्या टेबलाभोंवतीं बायको, मुलगे व शिष्य बसून प्रत्येक गायकवादकासाठीं निरनिराळे कागद उतरून काढीत आहेत, शनिवारीं तालीम, रविवारीं सकाळीं देवालयांत गायन, आणि सोमवारीं पुनश्च हरिः ओम्! प्रभु येशूच्या अंतकाळाचें कथन करणाऱ्या दोन प्रचंड रचनाहि ह्याच काळांतील: योहानच्या शुभवर्तमानावरील १७२४ ची, व मात्थ्यूच्या शुभवर्तमानावरील १७२७ ची. कँटाट्यांपैकीं सुमारें दोनशें आज उपलब्ध आहेत. पुष्कळ नष्ट झाले.

आणि हें गावयाचें कोणी? बाखनें २३ ऑगस्ट १७३० रोजीं नगरसभेस एक लेखी निवेदन दिलें. त्यांत त्यानें आपल्या विद्यार्थ्यांची हजेरीच घेतली आहे: १७ उपयोगी, २० अद्याप उपयोगी नाहींत, १७ निरुपयोगी. प्रत्येक आवाजास निदान तीन तरी गायक हवेत, वादकांस धड पगार हवा, एवढेंच त्याचें मागणें. नगरसभेचें मत निराळें होतें. त्याच महिन्यांतील बैठकींत, हा मनुष्य कांहीं काम करीत नाहीं, वर्ग घेत नाहीं, न सांगतां गांवाबाहेर जातो, आणि सुधारण्याजोगा नाहीं, असें ठरून त्याच्या वरकड प्राप्तीस कात्री लावण्याचा ठराव झाला.

येथें नगरसभेची बाजूहि सांगितली पाहिजे. वर्ग चुकविणें, शिस्तीकडे डोळेझांक करणें, हे दोष बाखच्या ठिकाणीं खरोखरच होते. आणि शाळा चालवावयाची ज्याच्यावर जबाबदारी, त्यानें ते मुकाट्यानें सोसावे, अशी अपेक्षा करणें योग्य नव्हे. त्यांचा दोष हा नव्हे कीं त्यांनीं वहींत गैरहजेरी मांडली. दर रविवारीं त्यांच्या कानांवर जें पडत होतें, त्याची नोंद करावयास त्यांच्या वहींत रकानाच नव्हता.

त्या ऑक्टोबरांत बाखनें आपला बालमित्र एर्डमान ह्यास, दुसरी नोकरी पाहण्याविषयीं, एक पत्र लिहिलें. जागेची प्राप्ति सुमारें सातशें टालेर, परंतु बहुतेक वरकड, प्रेतयात्रांच्या दक्षिणेसारखी. आणि हवा निरोगी पडली कीं तीहि बुडते. गेल्या वर्षीं ह्या निरोगी हवेनें आपलें शंभर टालेरांहून अधिक नुकसान झालें, असें तो लिहितो. महागाईचें रडगाणें आहे, वरिष्ठांविषयीं तक्रार आहे. आणि पत्राच्या अखेरीस एकाएकीं सूर पालटतो. मुलें सर्व जन्मजात संगीतज्ञ आहेत, बायकोचा गळा गोड आहे, थोरली मुलगीहि बरी साथ करते, आणि घरच्या घरीं आपण एक बैठक उभी करूं शकतों, हें तो सांगतो. नोकरी बदलली नाहीं. घर तसेंच गात राहिलें.

त्याच्या अध्यापनाची खरी जागा वर्ग नव्हे, घर ही होती. थोरल्या मुलासाठीं १७२० सालीं, तो नऊ वर्षांचा असतां, त्यानें एक वही घातली. तींतून पुढें दोन व तीन आवाजांच्या लहान रचनांचा संग्रह झाला. शिष्याकडून आधीं कित्येक महिने नुसते बोटांचे पलटे करून घ्यावे, आणि तो कंटाळला असें दिसतांच ते पलटेच एखाद्या गोड रचनेंत गुंफून तेथल्या तेथें लिहून द्यावे, अशी त्याची रीत होती. व्याकरणाचीं रूपें घोकून घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षकास ह्या युक्तीचें मोल कळेल. आपल्या संगीतांत एक गायक एका रागाचा विस्तार करितो. बाखच्या ‘फ्यूग’ ह्या रचनाप्रकारांत एक लहानसा विषय एक आवाज मांडतो, तो पुढें जातो न जातो तोंच दुसरा आवाज तोच विषय वरच्या किंवा खालच्या स्वरावरून उचलतो, मग तिसरा, चौथा. आणि सर्व एकाच वेळीं बोलत असतां एकहि दुसऱ्यास तोडीत नाहीं. प्रथम ऐकतांना गोंधळ वाटतो. चार वेळां एकच आवाज धरून ऐकावें, मग घर कसें बांधलें आहे तें दिसूं लागतें.

शहरांतील झिमरमानच्या कॉफीगृहांत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचें एक वादकमंडळ दर आठवड्यास जमे. तें बाख १७२९ पासून कित्येक वर्षें चालवी. कॉफीच्या नादीं लागलेली मुलगी आणि तिला लग्न होऊं देणार नाहीं म्हणून धमकावणारा बाप, ह्यांच्यावरील त्याची विनोदी रचना प्रसिद्धच आहे. मुलगी कॉफी सोडण्याचें कबूल करिते, आणि जो कॉफी पिऊं देईल त्यालाच वरीन असें गुपचूप पसरविते. चहाविरुद्ध व्याख्यानें देणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं ती अवश्य ऐकावी.

शाळेंत त्याला दोन मुख्याध्यापक असे लाभले कीं, दोघेहि थोर विद्वान, आणि दोघांचीं तोंडें दोन दिशांना. १७३४ मध्यें आलेला एर्नेस्टी सत्तावीस वर्षांचा, लॅटिन-ग्रीकचा गाढा पंडित. शाळा ही विद्येसाठीं, गाण्यासाठीं नव्हे, असें त्याचें मत. सारंगी घासणाऱ्या मुलास, दारूच्या गुत्त्यांत वाजवावयाचा विचार आहे काय, असें तो विचारी म्हणतात. गायकांचा नायक कोणी नेमावा ह्यावरून १७३६ सालीं दोघांचें जुंपलें. एर्नेस्टीनें नेमलेल्या मुलास बाखनें भर उपासनेंत हाकून दिलें, आणि अर्ज थेट राजापर्यंत गेले. दोनएक वर्षें हा तंटा चालला. संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविल्यामुळें एर्नेस्टीची तळमळ मला कळते. जुन्या विद्येचे तास एकामागून एक कमी होतांना पाहणें सुखाचें नसतें. परंतु आपल्याच छपराखालीं काय घडत आहे हें त्याला दिसलें नाहीं, आणि ज्या ग्रंथांचा त्याला अभिमान, त्यांतच त्याचें उत्तर छापलें गेलें.

कारण त्याच्या पूर्वींचा मुख्याध्यापक गेस्नेर, तोहि तसाच अभिजात विद्येचा पंडित, पुढें ग्योटिंगेन येथें प्राध्यापक झाला, आणि १७३८ सालीं त्यानें रोमन साहित्यशास्त्रकार क्विंटिलियनचा ग्रंथ सटीक प्रसिद्ध केला. मनुष्य एकाच वेळीं अनेक गोष्टींकडे कसें लक्ष देतो, ह्याचें क्विंटिलियननें वीणावादकाचें उदाहरण दिलें आहे. त्यावर टीका लिहितांना गेस्नेर थांबतो, आणि मूळ ग्रंथकारासच हाक मारतो: तूं मृतांतून उठून येऊन आमच्या बाखला पाहशील तर! दोन्ही हात व दोन्ही पाय वाद्यावर धांवत आहेत. तीसचाळीस गायकवादकांपैकीं एकास मानेनें, दुसऱ्यास पायाच्या ठेक्यानें, तिसऱ्यास बोट उगारून तो तालावर आणतो. एकास वरचा, एकास खालचा, एकास मधला स्वर देतो. सर्वांत कठीण काम स्वतःकडे असतांहि कोठें कोण चुकला तें ह्या कल्लोळांत त्यालाच प्रथम कळतें. प्राचीनांचा मी मोठा भक्त आहें, तरी कित्येक ऑर्फियस एकट्या बाखमध्यें सांठविले आहेत असें मला वाटतें, असा गेस्नेरचा अभिप्राय आहे. एखाद्या टीकाकारानें भरतमुनीच्या सूत्रावर भाष्य करतां करतां आपल्या शाळेंतल्या गायनमास्तराचें नांव घालावें, तसा हा प्रकार.

१७४७ च्या मे महिन्यांत प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक ह्यानें पॉट्सडाम येथें बाखचा मोठा सन्मान केला, स्वतः एक विषय वाजवून दाखविला, आणि म्हाताऱ्यानें त्यावर उभ्या उभ्या फ्यूग रचून ऐकविला. दोन वर्षांनीं हारेरची परीक्षा झाली. १७५० च्या मार्च व एप्रिल महिन्यांत जॉन टेलर ह्या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्यानें बाखच्या डोळ्यांवर दोनदां शस्त्रक्रिया केली. दृष्टि पूर्ण गेली, प्रकृति ढासळली, आणि २८ जुलै १७५० रोजीं संध्याकाळीं तो वारला. पुढें ह्याच टेलरचा हात हँडेलच्याहि डोळ्यांस लागला.

त्यानंतरच्या नगरसभेच्या बैठकींत, शाळेला गायनमास्तर पाहिजे, दरबारी संगीतप्रमुख नको, असे उद्गार निघाले, आणि हारेर रुजू झाला. विधवेस नियमाप्रमाणें सहा महिन्यांचें वेतन मिळालें. परंतु सत्तावीस वर्षांपूर्वीं बाख नेमला गेला तेव्हां त्याला कांहीं दिवसांचा पगार जास्त दिला गेला होता, असा हिशेब काढून तेवढी रक्कम त्यांतून कापून घेण्यांत आली. ज्या बाईनें तेरा बाळंतपणें काढून नवऱ्याच्या रचना इतक्या उतरल्या कीं तिचें अक्षर त्याच्याच वळणाचें झालें, ती अ‍ॅना माग्डालेना धर्मादायावर जगत २७ फेब्रुवारी १७६० रोजीं वारली. चेलो ह्या वाद्यासाठींच्या त्याच्या सहा रचना आज जगभर वाजतात. त्यांचें मूळ हस्तलिखित हरवलें आहे, आणि मुख्य आधार आहे तो तिच्या हातच्या प्रतीचा.

थोरल्या मुलाच्या वांट्यास गेलेलीं हस्तलिखितें बरीचशीं विकलीं गेलीं व पांगलीं. अ‍ॅना माग्डालेनानें मात्र आपल्या वांट्याचे कँटाट्यांचे कागद टॉमस शाळेस दिले, आणि तेथें ते राहिले. १७८९ सालीं मोझार्ट लाइप्झिगला आला तेव्हां शाळेच्या मुलांनीं त्याच्यापुढें बाखची दोन वृंदांची एक रचना गाइली. त्या वेळीं शाळेचा गायनमास्तर बाखचाच एक शिष्य होता. सर्व आवाज एकत्र लिहिलेली प्रत नव्हती; मोझार्टनें सुटे कागद मागवून घेतले, आणि गुडघ्यांवर, हातांत, शेजारच्या खुर्च्यांवर ते पसरून सर्व पाहून होईपर्यंत तो उठला नाहीं, असें सांगतात. ११ मार्च १८२९ रोजीं वीस वर्षांच्या मेंडेल्सझोननें बर्लिनमध्यें मात्थ्यूवरील रचना पुन्हां गाववून घेतली, तेव्हां कोठें बाहेरच्या जगास बाख ठाऊक झाला. १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची जी सुवर्णतबकडी आहे, तीवर बाखच्या तीन रचना आहेत. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीहि आहे.

बाखचें थडगें कोठें होतें ह्यावर खूणहि नव्हती. १८९४ सालीं सेंट जॉनच्या देवालयाजवळ उकरून ज्या अस्थि त्याच्या म्हणून ठरविण्यांत आल्या, त्या १९५० सालीं टॉमसच्या देवालयांत आणून ठेविल्या. शाळेची ती जुनी इमारत, ज्या खोल्यांत तीं मुलें जन्मलीं व ते कागद लिहिले गेले त्यांसह, १९०२ सालीं पाडण्यांत आली. मुलांचा गायकवर्ग मात्र अद्याप आहे, आणि तो त्या देवालयांत शुक्रवारीं व शनिवारीं गातो.